हुबेहूब, पण कशाशी? पुठ्ठ्याच्या एका यानाविषयी



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की हे तर शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाचे काम. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात कशाला पडायचे? पडायचे कारण एक शब्द आहे: ‘हुबेहूब’. प्रतिकृती पाहिली की आपल्या तोंडून तो सहज निघतो. करणारा खूश होतो, पाहणारा पुढे जातो. आज आम्ही त्या शब्दापाशी जरा थांबणार आहोत. हुबेहूब म्हणजे कशासारखे? आणि ज्याच्यासारखे, ती वस्तू मुळात कुठे नसेलच तर?

उदाहरण एकच घेऊ. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतले ‘एन्टरप्राइझ’ नावाचे अंतराळयान. ही मालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ साली संपली. एकूण ७९ भाग. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी यानाचा आकार सांगतो. पुढे एक मोठी बशी, तिच्याखाली मानेसारख्या भागाने जोडलेले नळकांडे, आणि त्याच्या पाठीमागून वर निघालेल्या दोन तिरक्या खांबांवर दोन लांब इंजिने. एवढे डोळ्यांसमोर आणले तरी पुरे.

या यानाच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करणारे हौशी लोक जगभर आहेत. जाड कागदावर भाग छापायचे, कापायचे, घडीच्या रेषांवर बोथट टोक फिरवून कागद नमवायचा, आत पुठ्ठ्याचा सांगाडा उभा करायचा, वरून कातडी चढवायची. महिनोन्‌महिने चालणारे काम आहे. त्याला हसण्यासारखे काही नाही, आणि आम्ही हसत नाही. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की ही माणसे नक्की कशाची प्रतिकृती करतात.

उत्तर सोपे वाटते: एन्टरप्राइझची. पण बघा, एन्टरप्राइझ या नावाच्या इथे दोन वस्तू आहेत. एक कथेतले यान: ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर लांब, ज्यात चारशे तीस माणसे राहतात. दुसरी वस्तू स्टुडिओतली: चित्रीकरणासाठी १९६४ साली लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा वापरून केलेले, सुमारे ११ फूट लांबीचे मॉडेल. आराखडा मॅट जेफ्रीज या कलादिग्दर्शकाचा. हे मॉडेल १९७४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आले आणि आज तिथल्या विमान-अंतराळ संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. पहिली वस्तू कुणी पाहिलेली नाही. दुसरी पैसे न मोजता पाहता येते.

आता गंमत अशी की या दोन वस्तू एकमेकींशी जुळत नाहीत.

स्टुडिओतल्या मॉडेलमध्ये दिवे बसवले, तेव्हा विजेच्या तारा बाहेर काढायला जागा हवी होती. त्या डाव्या बाजूने काढल्या. साहजिकच कॅमेरा उजव्या बाजूला राहिला, आणि जी बाजू दिसणारच नाही ती सजवण्यात कुणी वेळ घालवला नाही. खिडक्या, अक्षरे, खुणा, सारे उजवीकडे. डावी बाजू अर्धवटच राहिली. नाटकातला राजवाडा जसा प्रेक्षकांच्या बाजूनेच राजवाडा असतो आणि मागून फळ्या-चौकट असतो, तसेच हे. यात दोष काही नाही, ती धंद्याची रीत आहे.

पण पुठ्ठा हातात घेऊन बसलेल्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो: डाव्या बाजूचे काय करायचे? स्टुडिओतल्या वस्तूची प्रतिकृती करायची असेल, तर डावी बाजू कोरी ठेवून तिच्यातून तारा लोंबत ठेवल्या पाहिजेत. कथेतल्या यानाची करायची असेल, तर तिथे खिडक्या असणारच. पण किती, कुठे? बहुतेक जण उजवी बाजू आरशात धरल्यासारखी डावीकडे उतरवतात. तर्क म्हणून हे चुकीचे नाही, कारण जहाजे, विमाने बाहेरून बहुधा दोन्हीकडे सारखी असतात. पण तो तर्क आहे, निरीक्षण नव्हे. करणाऱ्याने तिथे काहीतरी ठरवलेले असते, आणि ‘हुबेहूब’ हा शब्द नेमका तो निर्णय झाकून टाकतो.

पोलंडचा तत्त्वज्ञ रोमान इनगार्डन याने १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात वाङ्मयीन कृतीतल्या अनिश्चित जागांची चर्चा केली आहे. कादंबरीतल्या माणसाच्या डोळ्यांचा रंग लेखकाने सांगितला नसेल, तर तो ‘आपल्याला माहीत नाही’ असे म्हणणेही बरोबर नाही. तो ठरलेलाच नाही. खऱ्या माणसाच्या बाबतीत माहिती अपुरी असते, कल्पित माणसाच्या बाबतीत तो माणूसच अपुरा असतो. एन्टरप्राइझची डावी बाजू बऱ्याच अंशी अशी आहे. ती कुठेतरी दडलेली नाही की कुणी शोधून काढावी.

आणि नुसत्या गाळलेल्या जागाच असत्या तर एक वेळ चालले असते. इथे परस्परविरोधही आहेत. मालिकेच्या आधी दोन चाचणी-भाग झाले. त्या वेळी मॉडेल थोडे वेगळे होते. इंजिनांच्या पुढच्या टोकांना अणकुच्या होत्या, समोरची तबकडी मोठी होती. पुढे मॉडेल बदलले, पण खर्च वाचवायला जुनी दृश्ये मालिकेत पुन्हा पुन्हा वापरली. म्हणजे एकाच भागात, एकाच प्रवासात, यान कधी अणकुचीचे दिसते, कधी बिनअणकुचीचे. आणि कथेतल्या कुणालाही त्याचे काही वाटत नाही. याच मालिकेतले ‘गॅलिलिओ’ हे छोटे यान घ्या. त्याचा आतला सेट बाहेरून दिसणाऱ्या यानात मावत नाही. आतून आणि बाहेरून दोन्ही बाजूंनी खरी अशी त्याची प्रतिकृती जगातला कितीही निष्णात कारागीर करू शकणार नाही. अडचण त्याच्या हातात नाही, मूळ वस्तूत आहे.

इथे आपल्याकडचा एक जुना वाद आठवतो. नवव्या शतकातल्या श्रीशंकुकाने नटाचे स्पष्टीकरण चित्रातल्या घोड्याच्या दाखल्याने केले, ज्याला आपण चित्रतुरगन्याय म्हणतो. चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो, तेव्हा ते ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते, आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ असेही नसते. वेगळ्याच जातीची ती प्रतीती आहे. तसाच नट हा राम म्हणून प्रतीत होतो आणि रामाच्या भावाचे अनुकरण करतो, असे शंकुकाचे म्हणणे. शंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. हे मत आपल्याला अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून कळते. आणि तिथेच अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांचा आक्षेपही आहे. तो अगदी साधा आहे: अनुकरण ओळखायला मूळ पाहिलेले असावे लागते. रामाची प्रीती पाहिली आहे कुणी? मग हे तिचे अनुकरण आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणता?

हाच प्रश्न आम्ही पुठ्ठ्याच्या यानाला विचारतो. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराला सत्यापासून दूर ठेवले: आधी पलंगाचे सद्रूप, मग सुताराचा पलंग, मग चित्रातला पलंग. पण त्या उतरंडीत वर कुणीतरी होते. इथे वरची पायरीच नाही. स्टुडिओतले मॉडेल कुठल्याही यानाची नक्कल नव्हते. मग पुठ्ठ्याचे यान नकलेची नक्कल ठरते की आणखी काही?

अभिनवगुप्त यातून वाट काढतो ती अशी, की नाट्य हे अनुकरण नव्हे, अनुकीर्तन आहे. म्हणजे पुन्हा सांगणे. हा शब्द आपल्या कानाला परका नाही. कीर्तनकार आख्यान लावतो, तेव्हा त्याने मूळ प्रसंग पाहिलेला नसतो, आणि श्रोत्यांनीही नसतो. तो प्रसंग पुन्हा सांगतो. कुठे लांबवतो, कुठे आवरतो, एखादा संवाद पदरचा घालतो. श्रोत्यांना ते ठाऊक असते आणि त्यात त्यांची फसवणूक होत नाही. आमचे म्हणणे असे की पुठ्ठ्याची चांगली प्रतिकृती हे अशा अर्थाने अनुकीर्तन आहे. आणि तसे असेल, तर तिची परीक्षा नकलेच्या कसोटीने न करता सांगण्याच्या कसोटीने केली पाहिजे. काय निवडले, काय घातले, आणि घातलेले लपवले का?

या कसोटीवर आजच्या प्रतिकृती कशा उतरतात? हाताच्या कसबात उत्तम. विचारात मात्र पुष्कळदा गोंधळलेल्या. या गोंधळाचे नाव आहे ‘बारकावा’.

जेफ्रीज हे विमानांच्या जगातले, स्वतः विमान चालवणारे गृहस्थ. यानाचे बाह्यांग त्यांनी मुद्दाम गुळगुळीत ठेवले. त्यांचा विचार असा, की यंत्रसामग्री आत असावी. अंतराळात बाहेर जाऊन दुरुस्ती करत बसणे धोक्याचे. म्हणजे तो साधेपणा कथेतल्या यानाचाच गुण होता, निव्वळ काटकसर नव्हती. मॉडेलच्या बशीवर नंतर पेन्सिलीने फिकट चौकटी आखल्या गेल्या. साठच्या दशकातल्या घरगुती टीव्हीवर त्या दिसल्या असतील-नसतील. पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला. त्यातल्या यानांवर कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाडे-जहाजांच्या प्लास्टिक खेळण्यांचे सुटे भाग चिकटवले होते. त्या भागांना काही काम नव्हते. डोळ्याला भरपूर खाद्य मिळाले की वस्तू प्रचंड वाटते, एवढाच हिशेब. तो अचूक ठरला. पण त्यामुळे पाहणाऱ्यांची एक समजूत झाली: जितका बारकावा जास्त, तितके खरे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी संग्रहालयातल्या मॉडेलची डागडुजी झाली, तेव्हा त्यावर पत्र्याच्या जोडांच्या रेषा चांगल्याच ठळक रंगवल्या गेल्या, आणि जुन्या चाहत्यांनी त्याविरुद्ध तक्रार केली. आमच्या मते तक्रार रास्त होती. जास्तीचा बारकावा इथे मूळ कल्पनेच्या विरोधात गेला होता.

हे मापात मांडून पाहू. ११ फुटी मॉडेल कथेतल्या यानाच्या सुमारे चौऱ्याऐंशी पट लहान आहे. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ कथेच्या मापात चार सेंटिमीटरची होते. आता पुठ्ठ्याची प्रतिकृती ३५० पट लहान करा. ती साधारण ८३ सेंटिमीटर लांब होईल. तिच्यावर तीच अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर कथेतल्या यानावर साडेसतरा सेंटिमीटर रुंदीची चर पडली. रेघ ‘तशीच’ ठेवली आणि अर्थ चौपट झाला. प्रमाणात ठेवायची तर ती मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतकी हवी, म्हणजे जवळजवळ दिसणार नाही. मग पाव मिलिमीटर जाडीचा कागदच तिथे पावणेनऊ सेंटिमीटरचा थर होतो, त्याचे काय? प्रमाण हे असे निष्ठुर असते.

पण म्हणूनच आम्हाला पुठ्ठा हे माध्यम आवडते. तो खोटे बोलायला सहज तयार होत नाही. माती, मेण, प्लास्टिक हवे तसे वळते. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, गोल मात्र होत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरता येत नाही, त्याचीच ही दुसरी बाजू. गाऊसने १८२०च्या दशकात हे सिद्ध केले: ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट पृष्ठाचा गोल करता येत नाही. एन्टरप्राइझची लांब इंजिने नळ्यांनी होतात, मागचे निमुळते अंग शंकूच्या तुकड्यांनी होते. पण इंजिनांच्या तोंडाशी अर्धगोल घुमट आहेत, बशीवर पुलाचा घुमट आहे, आणि बशीचा खालचा पृष्ठभाग आत-बाहेर वळलेला आहे. तिथे कागद अडतो. मग करणारा काय करतो? पाकळ्या कापून त्या एकमेकींना भिडवतो, नाहीतर चकत्यांचे थर रचून घासतो, नाहीतर शंकूची एकावर एक कडी बसवतो. प्रत्येक उपाय वेगळा दिसतो, आणि प्रत्येक उपायात ‘या आकाराचे सार काय’ याचे एक उत्तर दडलेले असते. पाकळ्यांवाल्याला गोलाई महत्त्वाची वाटली, कड्यांवाल्याला उतार.

लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ सालच्या पुस्तकात छोट्या प्रतिकृतींवर काही पाने लिहिली आहेत. त्याचे म्हणणे साधारण असे, की लहान केलेल्या वस्तूत आपल्याला भागांच्या आधी संपूर्ण वस्तू कळते, आणि ती हाताने केलेली असल्यामुळे तिच्यात दुसऱ्या शक्यताही डोकावत राहतात: असे केले, पण तसेही करता आले असते. पुठ्ठ्याच्या कामात ही दुसरी शक्यता डोळ्यांना दिसते. पाकळ्यांचे सांधे दिसतात. कापलेली पांढरी कड दिसते. कसबी लोक ती रंगवून झाकतात. आमची त्यांना विनंती आहे की काही ठिकाणी ती झाकू नका.

आमची सूचना ठोस आहे. जे पडद्यावर किंवा संग्रहालयात दिसते ते रंगवा. जे तुम्ही तर्काने भरले, ते कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यात ठेवा. उजवी बाजू खिडक्या-अक्षरांसह पूर्ण. डावीकडे तेच आकार, पण पांढरे. पाहणारा प्रतिकृतीभोवती फिरेल आणि त्याला कळेल की इथे गोष्ट संपली आणि इथून सांगणारा बोलू लागला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. केंडॉल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९० साली मांडले की कल्पित कृती या लुटुपुटीच्या खेळातल्या साधनांसारख्या असतात. झाडाचे बुंधे म्हणजे अस्वले, असे मुलांनी ठरवले की बुंधा दिसेल तिथे अस्वल असते. मग कुणी म्हणेल, ‘अहो, आमचा खेळ हा की हे यान उडते आहे. अर्धे पांढरे यान हातात दिलेत तर खेळच मोडेल.’ बरोबर आहे. त्या खेळासाठी दोन्ही बाजू भराव्यात. आमची हरकत भरण्याला नाही. हरकत आहे ती एका खेळाच्या नियमाने भरायचे आणि दुसऱ्या खेळाचे बक्षीस मागायचे, याला. डावी बाजू कथेतल्या यानाप्रमाणे पूर्ण करायची, पेन्सिलीच्या रेघा स्टुडिओतल्या वस्तूप्रमाणे ठेवायच्या, तारा मात्र गाळायच्या, आणि वर म्हणायचे ‘हुबेहूब’. हे जमत नाही.

संग्रहालयाने स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०१६ साली मॉडेल पुन्हा दुरुस्त करून मांडले, तेव्हा त्यांनी आधी ठरवले की कोणत्या दिवसांतली वस्तू दाखवायची: ऑगस्ट १९६७मधली. बशीच्या वरच्या बाजूचा मूळ रंग टिकला होता, तो तसाच राखला. उरलेल्या रंगासाठी तोच आधार धरला. ‘खरे एन्टरप्राइझ’ करून दाखवतो असा दावा नव्हता. आपण काय करतो आहोत हे ठरवून, सांगून केलेले काम होते.

आता कुणी विचारेल, खेळण्यातल्या यानासाठी एवढी कटकट कशाला? चूक झाली तर कुणाचे काय बिघडते? एन्टरप्राइझच्या बाबतीत काही बिघडत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण हात जी सवय इथे लावून घेतो, तीच पुढे दुसरीकडे नेतो. रायगडावर आज बहुतेक इमारतींची जोतीच उरली आहेत. त्यांच्यावर छपरे, खांब, नक्षी चढवून केलेल्या प्रतिकृती आपण पाहतो. जोत्यापर्यंत पुरावा आहे, छपरापासून तर्क आहे. आणि दोन्ही एकाच रंगात, एकाच ठसठशीतपणे समोर येतात. पाहणारे पोर घरी जाते ते ‘राजसदर अशीच होती’ असे मनात घेऊन. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिने हाच मुद्दा धरला: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणीने थांबावे, आणि नवे घातलेले जुन्यापासून वेगळे ओळखता यावे. ती सनद १९६४ सालची. एन्टरप्राइझचे मॉडेलही त्याच वर्षीचे. हा निव्वळ योगायोग आहे, पण आम्हाला तो आवडतो.

कल्पित वस्तूवर ही शिस्त शिकणे सोपे, कारण तिथे भावना दुखावत नाहीत, पुरावा आणि तर्क यांची सीमा स्वच्छ दिसते, आणि साहित्य म्हणजे कात्री, पुठ्ठा आणि फेविकॉल. म्हणून आम्ही या छंदाला गंभीरपणे घेतो. आज इतकेच. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, त्यांनाही हीच शिस्त लावायची का?)

नाही, अजिबात नाही. त्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, तळ्यात प्लास्टिकचे बदक असते, आणि उतारावर हळीव उगवलेले असतात. करणाऱ्या मुलाला हे सगळे ठाऊक असते आणि पाहायला येणाऱ्या शेजाऱ्यांनाही. तिथे कुणी ‘हुबेहूब’ म्हणत नाही. ‘छान झालाय रे’ म्हणतात. हे अनुकीर्तनच आहे, आणि अगदी प्रामाणिक. आमचा प्रश्न सुरू होतो तो मावळ्याचे माप बरोबर बसते तेव्हा. माप बसले की पाहणारा बाकीच्याही गोष्टींवर विश्वास टाकतो. कसब जितके वाढते तितका हा विश्वास वाढतो, आणि म्हणून कसबी माणसाने सांगायला हवे की यातले मी पाहिले किती आणि घातले किती. मुलाला ते सांगायची गरज नाही. त्याचे बदकच ते सांगते.